एक्स-रेच्या आधीची आठ वर्षं

लंडनच्या ईशान्येला, जिथे शहर संपत येतं आणि एपिंगचं जंगल सुरू होतं, तिथे चिंगफर्ड नावाचं उपनगर आहे. १९८९च्या सुमाराला तिथल्या एका दवाखान्याच्या नोंदवहीवरून ४५ ते ६४ वयाच्या बायकांना बोलावणी गेली आणि १००३ जणी आल्या. त्यांनी गुडघ्यांचे आणि हातांचे एक्स-रे काढून घेतले, वजन-उंची मोजून दिली, दुखण्याखुपण्याचे लांबलचक प्रश्न विचारले त्यांची उत्तरं दिली आणि दंडातून थोडं रक्त दिलं. पुढची कित्येक वर्षं त्या पुन्हा पुन्हा येत राहिल्या. टिम स्पेक्टर आणि डेबोरा हार्ट या संशोधकांनी उभा केलेला हा अभ्यास हाडांच्या ठिसूळपणाचा आणि सांध्यांच्या झिजेचा होता. त्या रक्तातला निवळ भाग, म्हणजे सीरम, वेगळा काढून छोट्या नळ्यांमध्ये भरला गेला आणि गोठवून ठेवला गेला.

मला या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं पात्र त्या नळ्याच वाटतात. रक्त ठेवलं तेव्हा त्याला पुढे कोणता प्रश्न विचारला जाईल, हे कुणालाच माहीत नव्हतं. सीरमच्या थेंबातली शेकडो प्रथिनं एकाच वेळी मोजणारी यंत्रं तेव्हा नव्हतीच. पण एक गोष्ट त्या नळ्यांमध्ये कायमची बंद झाली होती, ती म्हणजे तारीख. ज्या बाईच्या गुडघ्याचा एक्स-रे आज निर्मळ आहे, तिचं आजचं रक्त. दहा वर्षांनी तिचा गुडघा झिजलेला दिसला, तर मागे जाऊन त्या निर्मळ दिवसाच्या रक्ताला विचारता येणार होतं की, तुला तेव्हाच काही कळलं होतं का?

हा प्रश्न अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या व्हर्जिनिया बायर्स क्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारला, आणि उत्तर एप्रिल २०२४मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात छापलं. त्यांनी चिंगफर्डच्या २०० बायकांच्या नळ्या घेतल्या. त्यांतल्या १०० जणींना पुढे गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस (सांध्याची झीज) झाला होता, १०० जणींना झाला नव्हता. सीरममधल्या प्रथिनांचे बारीक तुकडे, ज्यांना पेप्टाइड म्हणतात, ते त्यांनी मोजले. अवघ्या सहा पेप्टाइडांच्या प्रमाणावरून या दोन गटांतल्या बायका बऱ्यापैकी वेगळ्या काढता येत होत्या, आणि तेही एक्स-रेवर आजार दिसण्याच्या आठ वर्षं आधीच्या रक्तावरून.

आठ वर्षं हा फार मोठा काळ आहे. त्याचं मोल समजून घ्यायचं तर आधी एक्स-रेत नेमकं काय दिसतं आणि काय दिसत नाही, ते पाहायला हवं.

हाडांच्या डॉक्टरांकडे गेलेल्या बहुतेकांनी एक वाक्य ऐकलेलं असतं, “गुडघ्यातली गॅप कमी झालीय.” घरी येऊन आपणही तेच सांगतो. एक्स-रेच्या फिल्मवर मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यात एक काळी फट दिसते, ती ही गॅप. पण गुडघ्यात अशी रिकामी फट नसते. तिथे कूर्चा असते. हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत, किंचित लवचीक अस्तर म्हणजे कूर्चा. गुडघ्यात बहुतेक ठिकाणी तिची जाडी दोन ते चार मिलिमीटर असते. एक्स-रेचे किरण तिच्यातून आरपार जातात, म्हणून ती काळी, म्हणजे रिकामी दिसते. एक्स-रे कूर्चा दाखवतच नाही. दोन हाडं एकमेकांजवळ सरकली की मधलं काहीतरी कमी झालं असणार, एवढा अंदाज तो बांधू देतो. घरातलं सामान चोरीला गेलंय हे बाहेरून, भिंती कलल्यावर ओळखायचं, तसा हा प्रकार आहे.

या अंदाजाला शिस्त लावली ती मँचेस्टरच्या जोनास केलग्रेन आणि जॉन लॉरेन्स यांनी. त्यांनी १९५७मध्ये एक्स-रेवरून झिजेच्या शून्य ते चार अशा पायऱ्या ठरवल्या. आजही ‘तुमची थर्ड ग्रेड आहे’ असं डॉक्टर सांगतात ते याच मोजपट्टीवर. या पट्टीवर दुसरी पायरी गाठली, म्हणजे हाडाच्या कडेला नक्की ओळखू येईल असा काटा वाढलेला दिसला, की आजार ‘आहे’ असं मानतात. हा काटा म्हणजे बिघडलेल्या सांध्याला हाडानं दिलेला प्रतिसाद आहे. तो वाढायला वर्षं लागतात. आपण ज्याला सुरुवात म्हणतो, ती खरं तर मधली अवस्था असते.

आणि या आजारात उशीर फार महागात पडतो, कारण कूर्चा पुन्हा भरून येत नाही. हे आपण नुसतं ऐकत आलो होतो; त्याचा फार सुंदर पुरावा डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१६मध्ये दिला. साधारण १९५५ ते १९६३ या काळात महासत्तांनी खुल्या हवेत अणुचाचण्या केल्या, त्यामुळे वातावरणातलं किरणोत्सारी कार्बन-१४चं प्रमाण एकदम वाढलं आणि चाचण्या थांबल्यावर हळूहळू उतरत गेलं. तो कार्बन पिकांत गेला, पिकांतून माणसांत गेला. त्यामुळे त्या काळापासून जगातल्या प्रत्येकाच्या शरीरात, कोणता भाग कोणत्या वर्षी घडला याची नकळत नोंद होत आलीय. संशोधकांनी वेगवेगळ्या वयाच्या लोकांच्या गुडघ्यांतल्या कूर्चेचं कोलाजेन तपासलं. कोलाजेन हा कूर्चेचा ताणा-बाणा. त्यातला कार्बन त्या माणसाच्या वाढत्या वयातल्या वातावरणाशी जुळला. मोठेपणी त्या विणीत जवळजवळ नवं काहीच पडलं नव्हतं. निरोगी गुडघ्यातही नाही, झिजलेल्या गुडघ्यातही नाही. विशीच्या आसपास जी वीण तयार होते, तीच घेऊन माणूस सत्तरी गाठतो.

म्हणून मला त्या आठ वर्षांचं अप्रूप वाटतं. वीण उसवल्यावर धागे मिळत नाहीत, पण उसवायला लागलीय हे वेळेवर कळलं तर हात लावायला जागा उरते.

आता एक साधी शंका कुणालाही येईल. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. मज्जातंतूही नसतात, त्यामुळेच ती बरीच झिजेपर्यंत स्वतः दुखत नाही. मग जिथे रक्त पोचतच नाही, तिथली बातमी रक्तात कशी येणार?

ती वळणावळणानं येते. कूर्चेतल्या पेशी कोलाजेनच्या जाळ्यात विरळ बसलेल्या असतात. त्या जाळ्यात अ‍ॅग्रिकॅन नावाचे, पाणी धरून ठेवणारे मोठाले रेणू अडकलेले असतात. कूर्चेच्या वजनाचा निम्म्याहून बराच जास्त भाग पाणीच असतं. आपण पाऊल टाकलं की त्यातलं थोडं पाणी दाबानं बाहेर येतं, उचललं की परत शिरतं. याच ये-जा करणाऱ्या पाण्यातून पेशींना अन्न मिळतं. सांधा बिघडायला लागला की पेशी प्रथिनं कापणारी एन्झाइम जास्त सोडतात. कोलाजेन आणि अ‍ॅग्रिकॅन यांचे तुकडे पडतात, ते सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवात उतरतात, तिथून सांध्याच्या आतल्या पडद्यातून लसिकावाहिन्यांमध्ये आणि शेवटी रक्तात. काही तुकडे मूत्रपिंडातून लघवीत जातात. आजाराचा असा जो माग शरीरातल्या द्रवांत मोजता येतो, त्याला बायोमार्कर म्हणतात. मी पुढे नुसतं ‘खूण’ म्हणेन.

अशा खुणांचा शोध गेली तीसेक वर्षं चालू आहे, आणि त्या शोधातल्या अडचणी त्याच्या यशापेक्षा जास्त शिकवतात. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात डिक हाइनेगार्ड यांच्या गटानं १९९२मध्ये कूर्चेतल्या एका प्रथिनाचं वर्णन केलं. त्याचं संक्षिप्त नाव कॉम्प. पाच सारख्या हातांचं हे प्रथिन कोलाजेनच्या धाग्यांची बांधणी सांभाळतं. कूर्चा बिघडली की रक्तातलं कॉम्प वाढतं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आणि हीच ती खूण असं वाटू लागलं. मग कळलं की निरोगी माणूस अर्धा तास चालून आला तरी त्याच्या रक्तातलं कॉम्प वाढलेलं असतं. शिवाय स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडऱ्यांमध्येही कॉम्प असतं. म्हणजे दवाखान्यात जिना चढून आलेल्या बाईचा आणि रिक्षातून दारात उतरलेल्या बाईचा अहवाल नुसत्या त्या कारणानं वेगळा येऊ शकतो.

दुसरी खूण हायल्युरोनिक आम्लाची. हेच सांध्यातल्या द्रवाला दाटपणा देतं. गुडघ्यात ‘वंगणाचं इंजेक्शन’ म्हणून देतात तेही हेच. सांध्याच्या पडद्याला सूज असली की ते रक्तात वाढतं. पण यकृत ते रक्तातून काही मिनिटांत उचलून घेतं, आणि सकाळी उठून हालचाल सुरू केली की त्याचं प्रमाण आपोआप चढतं. तिसरी खूण लघवीत मोजतात, दुसऱ्या प्रकारच्या कोलाजेनच्या टोकाचा तुटलेला तुकडा. ही फार विश्वासू मानली गेली, कारण हे कोलाजेन मुख्यत्वे कूर्चेतच असतं. पण तीही दिवसभरात वरखाली होते, आणि पाळी गेल्यावर बायकांमध्ये वाढते.

आणि सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारं यकृतातलं प्रथिन, तर आपल्याकडेही सर्रास तपासलं जातं. चिंगफर्डच्याच बायकांमध्ये १९९७मध्ये असं दिसलं होतं की, ज्यांच्या गुडघ्याची झीज पुढे वाढत गेली त्यांचं सीआरपी आधीपासून किंचित जास्त होतं. नंतरच्या अभ्यासांत त्याचं बरंच श्रेय वजनाकडे गेलं. चरबीच्या पेशी स्वतःच सूज वाढवणारे रेणू सोडतात, म्हणून वजन जास्त तर सीआरपी जास्त, आणि वजन जास्त तर गुडघ्याची झीजही जास्त. खूण गुडघ्याची नव्हती, वजनाची होती.

याहून अवघड प्रश्न जागेचा आहे. माणसाच्या शरीरात शेकडो सांधे आहेत आणि रक्त सगळ्यांचंच वाहून आणतं. तुकडा सापडला, पण तो गुडघ्यातून आला, खुब्यातून आला की मणक्यांच्या मधल्या चकत्यांतून? क्राउस यांच्याच गटानं यावर एक मोठा कल्पक मार्ग काढला. प्रथिनं फार काळ बदलली गेली नाहीत तर त्यांच्या काही कणांत एक ठरावीक रासायनिक बदल होत जातो. जुन्या कागदाला पिवळेपणा येतो तसा. त्यांना दिसलं की घोट्यातली कूर्चा-प्रथिनं तुलनेनं तरुण असतात, खुब्यातली म्हातारी, आणि गुडघ्यातली दोन्हींच्या मधली. असं ‘पिकलेलं’ कॉम्प रक्तात जास्त दिसलं तर त्याचा संबंध गुडघ्यापेक्षा खुब्याच्या झिजेशी जास्त लागत होता. एकाच प्रथिनाच्या वयावरून त्याचं गाव ओळखायचं, ही कल्पना मला या सगळ्या शास्त्रातली सर्वांत देखणी कल्पना वाटते.

एकेका खुणेनं असं वारंवार चकवल्यावर संशोधनाचा रस्ता बदलला. ओळखीच्या प्रथिनावर नजर रोखण्यापेक्षा हजारो प्रथिनं मोजायची आणि कोण बोलतंय ते ऐकायचं. आइसलँडमध्ये ३७ हजारांहून अधिक लोकांच्या रक्तातली जवळपास ४८०० प्रथिनं मोजली गेली. २०२१मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत एक प्रथिन सगळ्यांच्या वर उठून दिसलं, सीआरटॅक-१. तेही कूर्चेतल्याच पेशी बनवतात. ज्यांच्या रक्तात ते जास्त होतं, त्यांच्यापैकी जास्त लोकांना पुढच्या काही वर्षांत सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली.

ड्यूकच्या गटानं दुसरी वाट धरली. मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र प्रथिनांचे तुकडे त्यांच्या वजनावरून ओळखतं आणि मोजतं. आधी त्यांनी, गुडघा झिजलेला आहेच अशा सुमारे ६०० अमेरिकन लोकांमध्ये, कुणाची झीज पुढे वाढेल हे सांगणारे पेप्टाइडांचे गट शोधले. ते २०२३मध्ये छापून आलं. मग ते चिंगफर्डच्या नळ्यांकडे वळले. तिथे त्यांना जे दिसलं ते मला सहा पेप्टाइडांच्या आकड्यापेक्षाही मोलाचं वाटतं. आजार ‘सुरू होण्याआधीच्या’ रक्तातल्या खुणा आणि आजार ‘वाढतानाच्या’ रक्तातल्या खुणा यांच्यात बरंच साम्य होतं. म्हणजे निरोगी, मग आजारी, मग जास्त आजारी असे वेगळे खण नाहीत. एकच सलग प्रवाह आहे. आपण त्याच्या मधोमध कुठेतरी एक्स-रेचा खांब रोवून म्हणतो की, इथून आजार सुरू.

आता त्या सहा पेप्टाइडांच्या नेमकेपणाबद्दल. बातम्यांमध्ये ‘७७ टक्के अचूक’ असं आलं आणि बहुतेकांनी त्याचा अर्थ, शंभर जणींची चाचणी केली तर ७७ जणींचं भविष्य बरोबर निघेल, असा घेतला. तसा तो नाही. पुढे आजार झालेल्या गटातली एक नळी आणि न झालेल्या गटातली एक नळी अशी जोडी उचला. चाचणीला विचारा, यातली कोणती? अशा शंभर जोड्यांत साधारण ७७ वेळा चाचणी बरोबर बोट दाखवते. नाणं उडवलं असतं तर ५० वेळा दाखवलं असतं. तेवढाच त्या आकड्याचा अर्थ.

त्याच शोधनिबंधात तुलनेसाठी आणखी दोन आकडे होते. नुसत्या वय आणि वजनावरून अंदाज केला तर ५१, आणि गुडघा दुखतो का या प्रश्नावरून केला तर ५७. हे वाचून ‘वजनाला काहीच अर्थ नाही, रक्तच खरं’ असा समज होणं सोपं आहे, आणि तो चुकीचा ठरेल. दोन्ही गटांतल्या बायका मुद्दाम सारख्या वयाच्या आणि उंचीच्या मानानं सारख्या वजनाच्या निवडल्या होत्या. वय-वजनाचा फरक आधीच काढून टाकला, मग वय-वजनावरून काय ओळखता येणार? तो ५१ चा आकडा निवडीनंच ठरवून दिला होता. अभ्यासात असं करणं योग्यच असतं, कारण वय-वजन बाजूला ठेवूनही रक्त काही सांगतं का, हेच पाहायचं होतं. पण चौकातल्या खऱ्या गर्दीत वजन आजही मोठी खूण आहे.

दुसरी गोष्ट, अभ्यासात निम्म्या बायका आजारी होत्या. खऱ्या गावात निम्म्या नसतात. कागदावर एक हिशेब करून पाहू. समजा एका गावातल्या हजार बायकांपैकी १५० जणींना पुढच्या आठ वर्षांत गुडघ्याची झीज होणार आहे. आणि समजा चाचणी होणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांना पकडते आणि न होणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांना सोडते. ७७ च्या आसपासच्या चाचणीकडून साधारण एवढीच अपेक्षा करता येते. तर १५०पैकी १०५ जणी पकडल्या जातील. पण उरलेल्या ८५० जणींपैकी २५५ जणीही विनाकारण जाळ्यात येतील. एकूण ३६० जणींना ‘धोका आहे’ असा कागद मिळेल आणि त्यातल्या दहांपैकी सात जणींना काहीच होणार नाही. उरलेल्या ६४० जणी निर्धास्त होतील, त्यांतल्या ४५ जणींना मात्र आजार होईल. चाचणीच्या आधी प्रत्येकीचा धोका १५ टक्के होता. चाचणीनंतर काहींचा २९ टक्क्यांपर्यंत चढला, बाकीच्यांचा सातपर्यंत उतरला. ही माहिती उपयोगाची आहेच. पण ती निदान नव्हे.

इथे मला माझ्या मावशीची गोष्ट सांगावीशी वाटते. साताऱ्याला राहणारी, आयुष्यभर खाली बसून भाकरी थापलेली बाई. गुडघे इतके दुखायला लागले की मंदिराच्या पायऱ्या सुटल्या. कुणीतरी सांगितलं म्हणून तिनं एका लॅबमध्ये ‘आर्थ्रायटिस प्रोफाइल’ नावाचं तपासण्यांचं पॅकेज केलं. मला फोन करून म्हणाली, “संधिवात नाही गं मला. रिपोर्ट सगळा चांगला आलाय.” आवाजात सुटका होती. आणि दुसऱ्याच वाक्याला, “मग दुखतं कशानं?”

त्या पॅकेजात साधारण आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, यूरिक अ‍ॅसिड, ईएसआर आणि सीआरपी असतं. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या आमवाताच्या खुणा आहेत, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. यूरिक अ‍ॅसिड गाऊटसाठी. ईएसआर आणि सीआरपी सर्वसाधारण सुजेसाठी. गुडघ्याच्या झिजेत या सगळ्या तपासण्या बहुधा व्यवस्थितच येतात. डॉक्टर त्या करायला सांगतात त्या बाकीचे आजार वगळण्यासाठी. पण मराठीत आपण आमवातालाही संधिवात म्हणतो आणि झिजेलाही संधिवातच म्हणतो. एका शब्दाखाली दोन अगदी वेगळे आजार राहतात, आणि मग ‘संधिवात नाही’ असा कागद घेऊन झिजलेल्या गुडघ्याची बाई दोन वर्षं काहीच न करता घालवते. मावशीनं घालवली. ती दोन वर्षं आठवली की मला अजून वाईट वाटतं, कारण फोनवर मीही तिच्याबरोबर खूश झाले होते.

ऑस्टिओआर्थ्रायटिसचा धोका सांगणारी, कुणीही जाऊन करून यावी अशी रक्ततपासणी आज बाजारात विश्वासानं घ्यावी या अवस्थेत नाही. चिंगफर्डच्या २०० बायका सगळ्या गोऱ्या ब्रिटिश होत्या. पुरुष त्यात नव्हतेच. त्यांच्या रक्तातले सहा तुकडे आपल्याकडच्या बायकांच्या रक्तातही तेच बोलतील, हे गृहीत धरता येत नाही. आपलं बसणं-उठणं वेगळं, पाळी जाण्याचं वय वेगळं, चरबीची ठेवण वेगळी. डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या पुण्यातल्या सहकाऱ्यांनी १९९६मध्ये इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला घरोघर जाऊन सांधेदुखीची मोजणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागातून चाललेल्या कार्यक्रमातलं ते काम होतं, आणि खेड्यातली माणसं काय दुखतंय म्हणून सांगतात ते त्यामुळे पहिल्यांदा नीट कागदावर आलं. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका पाहणीत पुण्यासह देशातल्या पाच ठिकाणी चाळिशीपुढच्या लोकांमध्ये गुडघ्याच्या झिजेचं प्रमाण २८.७ टक्के निघालं. दुखणं आपल्याकडे मोजलं गेलंय. मात्र निरोगी गुडघ्यांच्या बायकांचं रक्त घेऊन, ते जपून ठेवून, वर्षानुवर्षं त्यांच्या मागे राहण्याचं चिंगफर्डसारखं काम वेगळं आहे.

आणि समजा उद्या अशी चाचणी आली, तर त्या निकालाचं करायचं काय? हा प्रश्न मला टाळायचा नाही. कोलेस्टेरॉलची तपासणी घराघरात पोचली ती ते उतरवणारी औषधं हातात आल्यावर. गुडघ्याच्या झिजेचा वेग थांबवणारं मान्यताप्राप्त औषध आज एकही नाही. आहेत ती दुखणं कमी करणारी. पण औषध नाही याचं एक कारण चाचणी नाही हेच आहे. औषधाचा प्रयोग करायचा तर ज्यांचा गुडघा पुढच्या दोन-तीन वर्षांत नक्की झिजणार आहे अशी माणसं हवीत. ती ओळखता येत नाहीत, म्हणून एक्स-रेवर आजार दिसलेली माणसं घेतली जातात. त्यांतल्या अनेकांचा गुडघा वर्षानुवर्षं आहे तसाच राहतो आणि अनेकांचा हाताबाहेर गेलेला असतो. औषधानं काम केलं की नाही ते या गोंधळात दिसतच नाही. रक्तातल्या खुणांचा पहिला उपयोग म्हणूनच दवाखान्याआधी प्रयोगांत होईल, असं मला वाटतं. २०२०मध्ये जगात सुमारे साडेएकोणसाठ कोटी माणसं ऑस्टिओआर्थ्रायटिस घेऊन जगत होती. त्यांच्या पुढच्या पिढीसाठी हे काम व्हायलाच हवं.

तोवर हातात आहे ते थोडं नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या बायकांमध्ये १९९२मध्ये दिसलं की, दहा वर्षांत साधारण पाच किलो वजन उतरलेल्या बायकांमध्ये दुखणाऱ्या गुडघेझिजेची शक्यता निम्म्याहूनही कमी झाली होती. पुढे मोजमापानं हेही कळलं की, शरीरावरचं एक किलो वजन कमी झालं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. दिवसाची पावलं हजारांत मोजायची, म्हणजे हिशेब लक्षात येईल. मांडीचे पुढचे स्नायू बळकट असले तर तेही गुडघ्याचा भार वाटून घेतात.

मावशीची मुलगी आता ४६ची आहे, चिंगफर्डच्या सर्वांत लहान बायकांच्या वयाची. मागच्या दिवाळीत तिनं विचारलं, “ताई, माझं रक्त तपासून कळेल का गं, माझंही आईसारखंच होणार ते?” मी म्हटलं, आज नाही कळणार. पण रक्ताशिवाय बरंच कळतं. तिच्या आईचे गुडघे गेलेत, आणि स्पेक्टर यांनीच १९९६मध्ये जुळ्या बहिणींच्या अभ्यासातून दाखवलं होतं की हात आणि गुडघ्यांच्या झिजेत आनुवंशिकतेचा वाटा बराच मोठा असतो. कॉलेजात कबड्डी खेळताना तिचा उजवा गुडघा मुरगळून महिनाभर सुजला होता; अशी दुखापत झालेल्या गुडघ्याला पुढे झिजेचा धोका कितीतरी पटींनी जास्त असतो. दुसऱ्या बाळंतपणानंतर वाढलेलं वजन उतरलेलं नाही. मी हे सगळं एकेक करून सांगितलं, ती बोटांवर मोजत गेली. मग चिंगफर्डच्या नळ्यांची गोष्टही सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. आत मावशी भिंतीला धरून उठत होती, ते आम्ही दोघी बघत होतो.

मग ती म्हणाली, “म्हणजे आत्ता माझा गुडघा दुखत नाहीये, तर माझं आत्ताचं रक्त कुणीतरी ठेवून घ्यायला हवं ना?”